मूठभर काजू आणि ताटभर कणगां

माझ्या ऑफिसातल्या टेबलाच्या खालच्या खणात एक काचेची बरणी असायची. पूर्वी तिच्यात टाचण्या आणि रबरबँड असत. २०२२ च्या ऑगस्टपासून तिच्यात काजू आले. त्याचे कारण म्हणजे आमच्याकडे झालेले एक आरोग्य शिबिर. रांगेत उभे राहून सगळ्यांनी रक्त दिले तसे मीही दिले, आणि आठवड्याने माझ्या हातात जो कागद पडला त्यावर तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी ७.२ लिहिली होती. वय पंचेचाळीस. वडिलांना साखर होती, त्यामुळे धक्का बसला असे म्हणणार नाही, पण ती इतक्या लवकर दारात येईल असे वाटले नव्हते.

डॉक्टरांनी गोळी सुरू केली आणि जिभेवर ठेवायच्या लगामाची यादी सांगितली. “साखर, मैदा, केळी कमी. कंदमुळे तर बंदच. बटाटा, रताळे, सुरण, साबुदाणा, जमिनीखालचे काही नको. मधेच भूक लागली तर मूठभर सुकामेवा खा.”

मी यूडीसी माणूस. वरून आदेश आला की त्याची अंमलबजावणी करायची, अर्थ विचारायचा नाही, ही वीस-बावीस वर्षांची सवय. मी कंदमुळे बंद केली आणि काजू सुरू केले. जमिनीखालचे काही नको म्हटल्यावर खरे तर शेंगदाणाही गेला असता, कारण तो मातीतच पोसतो. पण ती नोंद मी सोयीने नजरेआड केली.

त्या डिसेंबरात घरी गेलो. सत्तरीत आमचे जुने घर आहे, आई तिथे धाकट्या भावाच्या कुटुंबाबरोबर राहते. मी येणार म्हणून तिने परसातली कणगां काढून ठेवली होती. तुम्हाला सांगायला नको, पुण्या-मुंबईचे लोक ज्याला रताळी म्हणतात तीच ही, पण आमची लाल सालीची, आत पांढरी, फार गोड नसलेली. आई ती सालासकट उकडते, उकडताना पाण्यात मिठाचा खडा टाकते, आणि रात्री झाकून ठेवून सकाळी चहाबरोबर देते, बाजूला ओल्या खोबऱ्याचे काप. लहानपणापासून आमचा डिसेंबर या वासाचा. ताट समोर आले आणि मी म्हणालो, “आई, मला हे बंद केलेय.”

तिने ताट उचलले नाही. नुसती बघत राहिली. मग म्हणाली, “आतां कणगांय विख जालीं व्हय?”

मी खिशातली काजूची पुडी काढून तिला दाखवली आणि डॉक्टर काय म्हणाले ते सांगितले. तिने पुडीतला एक दाणा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि परत पुडीत टाकला. तो टाकताना तिच्या चेहऱ्यावर जे होते ते समजायला मला पुढे बरेच दिवस लागले.

आमच्या घरी काजू हे खाणे नव्हते, ते पीक होते. फेब्रुवारीच्या अखेरीपासून मे महिन्यापर्यंत आई, आजी आणि आम्ही भावंडे डोंगरावर बोंडू वेचायला जायचो. बोंडूची बी पिळून वेगळी काढायची. बोंडू रसासाठी भट्टीवाल्याला आणि बी वाळवून व्यापाऱ्याला. बी विकून जे पैसे यायचे त्यावर जून उभा राहायचा. वह्या, पुस्तके, छत्री, एखादा नवा गणवेश. आई हिशेब रुपयांत करायची नाही, वह्यांत करायची. पायलीभर बी म्हणजे इतक्या वह्या. आम्ही चुलीत भाजून चार बिया खाल्ल्या तर ती ओरडायची नाही, फक्त “एक वही गेली” एवढेच म्हणायची. त्यामुळे काजू तोंडात टाकताना घशाशी वही अडकायची. पाहुणे आले, चतुर्थी आली, मणगणे करायचे झाले तरच घरातले काजू डब्यातून निघत, तेही फुटके. अख्खा दाणा आईने स्वतःसाठी तोंडात टाकलेला मला आठवत नाही.

आणि पोट कशावर भरायचे? पेजेवर आणि कंदांवर. कणगां, काटेकणगां, माडी, सुरण, करांदे. पावसात त्यांच्या जोडीला फणसाची भिकणां. आजी सांगायची की पोर्तुगीज काळात, विशेषतः १९५५ च्या सुमाराची नाकेबंदी सुरू झाल्यावर, तांदूळ बेतानेच मिळायचा आणि घरातल्या मोठ्यांनी आधी कंद खाऊन मग पोरांना भात वाढायचा असा रिवाज पडला होता. म्हणजे आमच्याकडे कंद हे गरिबाचे आणि काजू श्रीमंताचे, ही वाटणी ताटात आधीपासून झालेली. डॉक्टरांच्या चिठ्ठीने मला नकळत त्या वाटणीच्या वरच्या बाजूला नेऊन बसवले. खरे सांगतो, आत कुठेतरी बरेही वाटले होते.

२०२३ च्या फेब्रुवारीत पुन्हा रक्त तपासले. साखर ७.२ वरून ७.० वर आली होती, म्हणजे जवळजवळ जागची हललीच नव्हती. वजन चार किलोंनी वाढले होते आणि रक्तातली चरबीही. मी डॉक्टरांना शपथेवर सांगितले की सहा महिन्यांत एकही बटाटा पोटात गेला नाही. त्यांनी मला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवले. वयाने माझ्या भाचीएवढ्या असतील. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला, “मूठभर म्हणजे कुणाची मूठ? आणि दिवसातून किती वेळा?”

मी मनातल्या मनात हिशेब केला. अर्ध्या किलोचे पाकीट मला पाच दिवस पुरत होते. म्हणजे दिवसाला शंभर ग्रॅम. त्यांनी कागदावर आकडा लिहून माझ्याकडे सरकवला. शंभर ग्रॅम काजू म्हणजे साडेपाचशे ते सहाशे कॅलरी. पोळी-भाजी, आमटी-भाताचे एक बऱ्यापैकी जेवण. मी दिवसाची तीन जेवणे करून चौथे खणातून करत होतो, आणि त्याला पथ्य म्हणत होतो.

बी.ए.ला मराठी घेतलेल्या माणसाचे आकड्यांशी नाते फायलीच्या नोंदींपुरतेच असते. पण त्या दिवसानंतर मला आकड्यांचा नाद लागला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय अन्नपदार्थांचे कोष्टक फार पूर्वीपासून तयार केलेले आहे. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे पुस्तक १९७१ चे, आणि नव्याने मोजमाप करून काढलेली कोष्टके २०१७ ची. मी ती कोष्टके एखाद्या सर्व्हिस बुकासारखी वाचली. त्यात दिसते ते असे. शंभर ग्रॅम काजूत सुमारे २० ग्रॅम प्रथिने आणि ४५ ग्रॅमच्या आसपास चरबी. शेंगदाण्यात प्रथिने त्याहूनही जास्त, २५ ग्रॅमच्या घरात. आणि शंभर ग्रॅम रताळ्यात प्रथिने दीड ग्रॅमच्या आतबाहेर, चरबी नावालाच, ऊर्जा ९० ते १२० कॅलरी, तीही जवळजवळ सगळी पिष्टाची. सुरण त्याहून हलका, ८० च्या आसपास. टॅपिओका जड, दीडशेच्या वर.

हे वाचून कुणीही म्हणेल, मग काजूच श्रेष्ठ. सगळ्या बाबतीत पाच-दहा पट पुढे. मलाही आधी तसेच वाटले. पण इथे एक गोम आहे. कंदात सत्तर-ऐंशी टक्के पाणी असते, काजूत जेमतेम पाच टक्के. शंभर ग्रॅमला शंभर ग्रॅम लावणे म्हणजे ओल्या कपड्याचे वजन सुक्या कपड्याशी ताडून पाहणे. शिवाय शंभर ग्रॅम काजू कुणी खाऊ नयेत (मी सोडून) आणि शंभर ग्रॅम कणगांनी कुणाचे पोट भरत नाही. तुलना करायचीच तर माणूस एका बैठकीत जेवढे खातो तेवढ्याची करायला हवी.

ती मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करून पाहिली. ३० ग्रॅम काजू एका वाटीत घातले. दुकानात ज्याला डब्ल्यू ३२० म्हणतात तो दाणा, म्हणजे एका पौंडात तीनशे-सव्वातीनशे दाणे बसतात असा. मोजले तर वीस-एकवीस भरले. वाटीचा तळही धड झाकला गेला नाही. त्याची ऊर्जा सुमारे १७० कॅलरी. तेवढ्याच ऊर्जेची कणगां घ्यायची तर दीडशे ते दोनशे ग्रॅम, म्हणजे दोन मध्यम कणगां. ती खाऊन मी सकाळी साडेनऊची बस पकडू शकतो आणि दुपारपर्यंत भूक आठवत नाही. वीस काजू गप्पा मारता मारता संपतात आणि हात पुन्हा बरणीत जातो.

त्या दोन वाट्यांत काय काय आहे हे पाहिले तर कुणी एक जिंकत नाही. काजूच्या वाटीत पाच-सहा ग्रॅम प्रथिने, मॅग्नेशियम, जस्त, तांबे आणि बऱ्यापैकी लोह. कणगांच्या वाटीत चोथा जास्त, पोटॅशियम तिपटीच्या आसपास आणि थोडे क जीवनसत्त्व, जे काजूत जवळजवळ नसतेच. आतून नारिंगी असलेल्या रताळ्यात अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल भरपूर असतो, आमच्या पांढऱ्यात तो नाही, हेही कबूल करायला हवे. साखरेच्या माणसाच्या दृष्टीने पाहिले तर कणगांत चाळीसएक ग्रॅम कर्बोदके आणि काजूत आठ-नऊ. तेव्हा डॉक्टर अगदीच चुकले होते असे नाही. फक्त त्यांनी “बंद” म्हटले, “मोजा” म्हटले नाही. त्यांच्या दारात पन्नास माणसे बसलेली असतात, त्यांना एवढा वेळ कुठून मिळणार?

आणि कंद कसा शिजवला यावर बरेच अवलंबून असते. निखाऱ्यात किंवा भट्टीत भाजलेले रताळे रक्तातली साखर झटकन चढवते, उकडलेले त्या मानाने हळू. शिजवून गार झालेल्या पिष्टाचा थोडा भाग आतड्यात पचतच नाही, चोथ्यासारखा पुढे जातो. वर खोबरे असले की चरबीमुळे पोट आणखी सावकाश रिकामे होते. मी हे वाचले तेव्हा मला आईचे ते रात्रभर झाकून ठेवलेले पातेले आठवले. तिला यातले काही ठाऊक नव्हते. सकाळी चूल पेटवायला वेळ नसायचा, एवढेच त्याचे कारण.

सुकामेव्यावर जगात अभ्यास पुष्कळ झाले आहेत. स्पेनमधला एक मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काही केंद्रांवर माणसांच्या वाटपात चुका आढळल्याने तो मागे घेऊन २०१८ मध्ये दुरुस्त करून पुन्हा छापला, आणि निष्कर्ष साधारण तोच राहिला, की ऑलिव्ह तेल किंवा रोजचा मूठभर सुकामेवा असलेल्या आहाराने हृदयविकार आणि पक्षाघात कमी झाले. मूठ म्हणजे ३० ग्रॅम. पण त्या मुठीत होते अक्रोड, बदाम आणि हेझलनट, काजू नव्हतेच! अमेरिकेत २००३ मध्ये “हृदयाला हितकर” असे लिहायची मुभा ज्या दाण्यांना मिळाली त्यातूनही काजू वगळला गेला, त्यातल्या घट्ट चरबीच्या प्रमाणामुळे. काजूची बाजू घेणारा अभ्यास आपल्या चेन्नईचा. तिथे मधुमेह असलेल्या तीनशे माणसांपैकी निम्म्यांना बारा आठवडे रोज ३० ग्रॅम काजू दिले, आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार त्यांचा वरचा रक्तदाब थोडा उतरला, चांगले कोलेस्टेरॉल वाढले, वजन वाढले नाही. इथेही पुन्हा तीसच ग्रॅम. माझी बरणी कुठल्याच अभ्यासात बसत नव्हती.

जाता जाता, “सुकामेवा” हा शब्दही फसवा आहे. त्यात काजू-बदामांबरोबर मनुका, खजूर आणि अंजीरही येतात, आणि ती तर सुकवलेली साखरच. आमच्या ऑफिसातले एक गृहस्थ डॉक्टरांनी सांगितले म्हणून रोज मूठभर मनुका खात होते. आदेश संदिग्ध असला की अंमलबजावणी अशीच व्हायची.

या वाचनात एक गंमत लक्षात आली. कंद आणि दाणे यांना एकमेकांसमोर उभे करायची कल्पना चिठ्ठीतली. आपल्या स्वयंपाकघराने ती जोडी कधीच लावून ठेवली आहे. एकादशीची साबुदाण्याची खिचडी पाहा. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचे धुतलेले पीठ, प्रथिने जवळजवळ शून्य. त्यात शेंगदाण्याचे कूट पडते म्हणून तिला काही अर्थ आहे. आमच्या मणगण्यात हरभऱ्याची डाळ, साबुदाणा, नारळाचा रस आणि काजू एकाच टोपात असतात. खतखत्यात माडी, सुरण आणि कणगां, वर तूरडाळ आणि खोबरे. आणि आपल्या उपासाला चालणारे हे बटाटा, रताळे, टॅपिओका, शेंगदाणा, शिवाय आपला काजू, मूळचे सगळे अमेरिका खंडातले. बटाटा आणि काजू हे शब्दसुद्धा पोर्तुगिजांच्या तोंडून आपल्याकडे आलेले. समुद्रापलीकडून आलेले पाहुणे आपल्या सोवळ्यात जाऊन बसले, आणि घरचा तांदूळ मात्र उपासाला चालत नाही.

दोघांचे आणखी एक साम्य म्हणजे दोघेही सहजासहजी हाती लागत नाहीत. काजूच्या टरफलातली डीक हाताची कातडी सोलते. सुरण-माडीत सूक्ष्म सुया असतात, त्यांनी घसा आणि हात खाजतात. टॅपिओका कच्चा खाल्ला तर विषारी. हे सगळे उतरवायचे काम बायकांच्या हातांनी केले, खोबरेल लावून, चिंच-सोलां घालून, उकडून, पाणी टाकून. आईच्या उजव्या हाताची दोन बोटे अजून काळपट आहेत. ती डीक आहे की सुरणाचा चीक आहे, की नुसतेच वय आहे, कोण जाणे.

त्याच आईला २०२४ च्या उन्हाळ्यात मी तपासणीला आणले. वय चौऱ्याहत्तर, पायांत ताकद नाही, दोनदा परसात तोल गेलेला, वजन ४१ किलो. डॉक्टरांनी ती दिवसभरात काय खाते ते विचारले. सकाळी पेज, मधे एखादे उकडलेले कणगां, दुपारी शीतकडी, रात्री पुन्हा पेज. मासळी तिने वडील गेल्यापासून सोडलेली, दूध आवडत नाही. “प्रथिने कुठे आहेत यात?” असे त्यांनी मला विचारले. प्रथिने माझ्या खणात होती. ज्याला कमी खायचे होते तो काजू खात होता, आणि जिला त्या दाण्यातल्या प्रत्येक गोष्टीची गरज होती तिने जन्मभर तो दुसऱ्यांसाठी वेचला आणि आताही पिष्टावरच भागवत होती. आणि मी तिच्याच समोर पुडी उघडून बसलो होतो.

मी तिच्यासाठी अर्धा किलो मोठे काजू घेऊन गेलो, डब्ल्यू १८०, तीस ग्रॅमला बारा दाणे भरतात तसे. पंधरा दिवसांनी पाहिले तर डबा तसाच. “पावणे येतले मरे,” म्हणाली. शिवाय दात नाहीत. मग वहिनीने तोडगा काढला. काजू आणि भाजलेले शेंगदाणे यांची पूड करून ती सकाळच्या पेजेत मिसळायची. पहिल्या दिवशी आईने वाटी बाजूला सारली, पेजेत काजू घालणे म्हणजे मस्ती आहे म्हणाली. दुसऱ्या दिवशी खाल्ली. मुगाची उसळही आता रोज होते. वजन ४३ वर आले आहे. तोल जायचा पूर्ण थांबलेला नाही.

माझी बरणी पुन्हा टाचण्यांची झाली. संध्याकाळी पाचच्या सुमाराला पंधरा-वीस काजू किंवा तेवढेच शेंगदाणे, कागदावर मोजून. डिसेंबरात भाताऐवजी दोन कणगां, भाताबरोबर नाहीत. गोळी चालू आहे. साखर गेल्या वेळी ६.५ होती.

गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा आईने सकाळी ताट समोर ठेवले. दोन कणगां, खोबऱ्याचा एक काप. तिसरे ती माझ्याकडे सरकवते आहे हे मी पाहिले आणि मान हलवली. मग मी तिच्या पेजेसाठी डब्यातून काजू काढून तिच्यासमोर पाटावर मोजायला लागलो. ती माझ्याबरोबर ओठांत मोजत होती. बारावर थांबलो.

“हातूंत एक वही येताली,” ती म्हणाली, आणि मिक्सरचे भांडे माझ्याकडे दिले.